पैसे पाठवले होते, पण पोटगी पाठवली होती का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ ऐरोलीला राहतात, महापे एमआयडीसीत नोकरीला आहेत. डिसेंबर २०२० मध्ये परस्पर संमतीने घटस्फोट झाला. संमतीच्या अटींवरून झालेल्या हुकूमनाम्यात पत्नीला दरमहा बारा हजार आणि मुलीसाठी आठ हजार, दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत, पत्नीच्या खात्यावर, असं लिहिलंय. ते पैसे पाठवत आले: बहुतेक वेळा यूपीआय, मधूनमधून एनईएफटी, दोनतीनदा आईच्या खात्यावरून, एकदा मेहुण्याच्या नंबरवर, काही वेळा हातात रोख. आता डोंबिवलीला राहणाऱ्या माजी पत्नीने दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल केलीये. सव्वीस महिन्यांची थकबाकी, म्हणजे पाच लाख वीस हजार. तारीख तीन आठवड्यांवर आहे. ते विचारतात, ‘माझ्या फोनमध्ये जवळजवळ सगळे स्क्रीनशॉट आहेत, एवढं पुरे का?’

पुरे नाही. पण हातपाय गळण्यासारखंही काही नाही. मी वीसेक वर्षं ठाण्यात आणि बेलापूरला कौटुंबिक प्रकरणं चालवते, कधी नवऱ्याकडून, कधी बायकोकडून. त्यामुळे पुढे लिहिते त्यातला निम्मा भाग समोरचे वकील तुम्हाला कुठे पकडतील याचाच आहे.

आधी दरखास्तीची प्रत काढून परत एकदा वाचा, रागावर न वाचता. तिने ‘पैसे आले नाहीत’ असं लिहिलंय की ‘पोटगीपोटी रक्कम दिली नाही’ असं लिहिलंय? माझ्या अनुभवात दहातल्या आठ अर्जांत दुसरं वाक्य असतं, आणि वकिलाने ते विचार करून घातलेलं असतं. कारण तुम्ही बँकेचे कागद टाकलेत की ती शांतपणे म्हणणार, ‘हो, हे पैसे आले. पण हे मुलीच्या क्लासचे होते. हे माझ्या वडिलांकडून तुम्ही उसने घेतलेले परत केलेत. आणि हे लॉकरमधले दागिने मोडले त्याचे माझे पैसे.’ मग तुमचा स्क्रीनशॉट कितीही खरा असला तरी तो काय सिद्ध करतो? पैसे गेले एवढंच.

तुम्हाला तीन गोष्टी दाखवायच्या आहेत: तुमच्याकडून गेले, तिला पोचले, आणि पोटगी म्हणून गेले. पहिली सोपी, दुसरी जराशी किचकट, आणि खरी मारामारी तिसरीवर होते.

तिसरीपासूनच सुरू करते. १८७२ च्या करार कायद्यात कलम ५९ ते ६१ आहेत. त्यांचा मथितार्थ असा: एकाच माणसाला तुम्ही अनेक कारणांनी पैसे देणं लागता आणि देताना कशापोटी ते सांगितलंत, तर ते त्याच कारणापोटी धरायचे. तुम्ही काही सांगितलं नाही, परिस्थितीवरूनही काही कळत नाही, तर घेणाऱ्याला मुभा. ती रक्कम तो त्याच्या सोयीने कुठल्याही कायदेशीर येण्यापोटी जमा धरू शकतो. दोघांनीही काही ठरवलं नाही तर आधीचं देणं आधी फेडलं असं मानायचं. नवराबायकोच्या हिशोबात एकच देणं असतं असं सहसा होत नाही. फी असते, उसनवारी असते, घराचं डिपॉझिट असतं. म्हणून पैसे पाठवताना रिमार्क, म्हणजे कशापोटी ते लिहायची ओळ, मोकळा सोडणं म्हणजे तिच्या वकिलाच्या हातात पेन देणं.

‘परिस्थितीवरून कळत नाही’ हे शब्द मात्र तुमच्या कामाचे आहेत. हुकूमनामा महिना वीस हजारांचा आहे आणि तुमच्या खात्यातून दर महिन्याच्या सात-आठ तारखेला बरोब्बर वीस हजार तिच्या खात्यावर गेलेत, असं दोन वर्षं दिसत असेल, तर रिमार्क कोरा असला तरी न्यायाधीशांना ते काय आहे हे कळतं. उसने पैसे कोणी दर महिन्याच्या सात तारखेला, पोटगीच्या नेमक्या आकड्यात परत करत नाही. गोंधळ होतो तो अठरा हजार पाचशे, मग सहा हजार, मग चार दिवसांनी नऊ हजार असे तुकडे गेलेले असतात तिथे. तुमचे तसे किती महिने आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. निकालाचा बराचसा भाग त्यावर ठरेल.

रिमार्कचं सांगत होते. एका पक्षकाराचं स्टेटमेंट आमच्या टेबलावर पसरलं होतं, साठेक पानं. पिवळ्या हायलायटरने पोटगी, हिरव्याने फी असं करत मी पुढे जात होते. एकाही महिन्याचा खंड नाही, रक्कम पूर्ण, तारीख वेळेत. मग रिमार्कच्या रकान्याकडे लक्ष गेलं. या गृहस्थांनी दर महिन्याला तिथे ‘भीक’ असं टाइप केलं होतं. रोमन अक्षरांत, चार अक्षरं, एकोणीस वेळा. पैसे दिल्याचं सिद्ध झालं, थकबाकीचा अर्ज जवळजवळ पूर्ण फेटाळला गेला. पण न्यायाधीशांनी ती ओळ दोनदा वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. पुढे मुलाच्या भेटीच्या अर्जावर युक्तिवाद करताना तोच कागद समोरच्यांनी काढला. तेव्हा तुमचे जुने रिमार्क आधी स्वतः वाचून घ्या, आणि काही लाजिरवाणं असेल तर वकिलाला तारखेच्या आधी सांगा, उलटतपासात कळायला नको.

आता स्क्रीनशॉट का पुरत नाहीत ते. ॲपच्या पडद्यावर जे नाव दिसतं ते काही वेळा तुमच्याच फोनबुकातलं असतं. खाते क्रमांक पूर्ण दिसत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पैसे कापले गेले आणि नंतर उलटून परत आले, तर त्या दिवशीचा स्क्रीनशॉट तुमच्याकडे तसाच राहतो. हे माझ्यासमोर झालंय. मी पत्नीच्या बाजूने होते. नवऱ्याने तीस स्क्रीनशॉट रंगीत छापून आणले होते. आम्ही त्याचंच पूर्ण स्टेटमेंट मागवलं, आणि त्यात दोन ठिकाणी वजा झालेली रक्कम दोन दिवसांनी परत जमा झालेली. त्याला खरंच आठवत नव्हतं, तो लबाड नव्हता. पण उरलेल्या अठ्ठावीस व्यवहारांकडेही त्या दिवसापासून सगळे संशयाने बघायला लागले.

म्हणून स्टेटमेंट. आणि तेही निवडक पानं नव्हे, जानेवारी २०२१ पासून आजपर्यंत सलग. प्रत्येक व्यवहाराला त्याचा क्रमांक असतो: यूपीआय आणि आयएमपीएसला बारा आकडी संदर्भ क्रमांक, एनईएफटीला सोळा अक्षर-अंकांचा यूटीआर (व्यवहाराचा ओळख क्रमांक), आरटीजीएसला बावीसचा. तुमच्या बाजूला आणि तिच्या बाजूला हा दुवा जुळतो, म्हणून पैसे पोचले हे सिद्ध करायला तो नावापेक्षा भक्कम. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे बँकांना व्यवहारांची नोंद पाच वर्षं जपावी लागते. त्याआधीचं बऱ्याचदा मिळतंही, पण मिळेलच असं धरून चालू नका. सर्वांत जुन्या महिन्यांचे कागद आधी मागा.

स्टेटमेंट दोन प्रकारांनी आणता येतं. एक, स्वतः नेटबँकिंगवरून पीडीएफ काढायचं. हा इलेक्ट्रॉनिक अभिलेख झाला, आणि त्याच्या छापील प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५-ब होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं. तुमची दरखास्त त्यानंतरची असल्याने तुम्हाला नवा कायदा. प्रमाणपत्राचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीतच छापलाय. भाग ‘अ’ तुम्ही भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने, आणि दोन्हींत त्या फाइलचं हॅश मूल्य लिहायचं. हॅश म्हणजे फाइलचा अंगठाच म्हणा. आत एक स्वल्पविराम बदलला तरी तो बदलतो. भाग ‘ब’वर नेमकी कोणाची सही चालते याबाबत न्यायालयागणिक थोडा फरक पडतो, तेव्हा तुमच्या वकिलांनी तिथे काय चालतं ते बघूनच तो भरावा. प्रमाणपत्र हवंच, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या प्रकरणात मिटवला. आपल्या जालन्याची २०१४ ची विधानसभा निवडणूक, उमेदवारी अर्ज वेळेत दिला की नाही हे दाखवणारं व्हिडिओ चित्रण, आणि त्यातून देशभराच्या पोटगीच्या प्रकरणांना लागू पडणारा निकाल. त्याच निकालात एक सवलतही आहे: मूळ उपकरणच, समजा तुमचा फोन, तुम्ही स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात घेऊन गेलात आणि तो तुमचाच आहे, तुम्हीच वापरता हे शपथेवर सांगितलंत, तर प्रमाणपत्राची गरज नाही. पण २०२१ पासून तोच फोन वापरताय का? मला तरी असा पक्षकार भेटलेला नाही.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. बँकेच्या शाखेतून शिक्क्याचं स्टेटमेंट घ्या, १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टखालच्या प्रमाणपत्रासह. कायदा सव्वाशे वर्षांवर जुना आहे, पण त्यात कलम २-अ नंतर घातलंय, संगणकातून निघालेल्या प्रतींसाठी. अशी प्रमाणित प्रत मूळ नोंदीचा सकृद्दर्शनी पुरावा मानली जाते, बँकेच्या अधिकाऱ्याला साक्षीला बोलवत बसावं लागत नाही. अडचण एकच: काउंटरवरच्या मुलीला हे नाव बहुधा माहीत नसतं. ती म्हणते, ‘सर, ई-मेलवर येतं की स्टेटमेंट.’ वाद घालू नका. लेखी अर्ज न्या, त्यात कलम लिहा, कालावधी लिहा, ‘न्यायालयात दाखल करण्यासाठी’ असं लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आम्ही प्रमाणपत्राचा मसुदाही टाइप करून देतो. व्यवस्थापकाला फक्त सही-शिक्का करायचा उरला की काम लवकर होतं. तरी नाही दिलं, तर ती पोच जोडून न्यायालयाकडे अर्ज करायचा की बँकेला अभिलेख पाठवायला सांगा.

तुमचं प्रकरण कौटुंबिक न्यायालयात आहे, तर १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १४ ही तुमच्या बाजूचं आहे. वाद नीट सोडवायला मदत होईल असा कुठलाही कागद, पुरावा कायद्याच्या काटेकोर कसोटीवर बसो न बसो, न्यायालय घेऊ शकतं. घेऊ शकतं, घेतलंच पाहिजे असं नाही. कलम १४ वर भिस्त ठेवून प्रमाणपत्राशिवाय जाणाऱ्या वकिलांची मला गंमत वाटते. अर्धा दिवस बँकेत बसायचा कंटाळा, आणि मग तीन तारखा कागद वाचायचा की नाही यावर युक्तिवाद.

पण सगळ्यांत चांगला पुरावा तुमच्याकडे नाहीच, तो तिच्या पासबुकात आहे. तिच्या खात्याचा त्या काळातला उतारा दाखल करायला लावा असा अर्ज तुमच्या म्हणण्यासोबतच, म्हणजे दरखास्तीला दिलेल्या लेखी उत्तरासोबतच, द्या. रजनीश विरुद्ध नेहा या सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंना मालमत्ता-दायित्वाचं शपथपत्र द्यावं लागतं आणि त्यात बँक खाती लिहावी लागतात. तुमच्या मूळ प्रकरणात ते झालं नसेल, कारण संमतीचा घटस्फोट होता. पण न्यायालयाला उतारा मागवायला त्यामुळे अडचण येत नाही. आणि एक नोटीस द्या, व्यवहारांची यादी जोडून: ‘यातल्या कुठल्या रकमा मिळाल्या नाहीत ते सांगा.’ बऱ्याचदा तिथेच सव्वीसचे अकरा होतात. मान्य केलेली गोष्ट सिद्ध करावी लागत नाही.

इथे एक खबरदारी, जी फारसं कोणी सांगत नाही. सलग स्टेटमेंट दाखल करताय म्हणजे तुमचं घर उघडं करताय. पगार, नव्या गाडीचा हप्ता, दर शनिवारी येऊरच्या ढाब्यावर गेलेले तीन हजार, सगळं तिच्या वकिलांना दिसणार. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५(२) प्रमाणे परिस्थिती बदलली तर पोटगी वाढवून मागता येते, आणि वाढीचा अर्ज तुमच्याच कागदांवरून येऊ शकतो. म्हणून पानं गाळायची का? नाही. गाळलेलं पान लपत नाही, शिल्लक रक्कम जुळत नाही. फक्त हे माहीत असू द्या.

आता तुमच्या अडचणीच्या नोंदी, एकेक.

आईच्या खात्यावरून गेलेले पैसे. हे वाचवता येतात. आईच्या खात्याचं स्टेटमेंट, आणि आईचं शपथपत्र की मुलाच्या वतीने, त्याच्या पोटगीपोटी पाठवले. त्यांची तब्येत बरी असेल तर साक्षीलाही यायची तयारी ठेवा. त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी तुमच्या खात्यातून आईच्या खात्यावर तेवढीच रक्कम गेली असेल तर सोन्याहून पिवळं. तशी नोंद शोधा.

मेहुण्याच्या नंबरवर गेलेले. हे कठीण. हुकूमनाम्यात ‘तिच्या खात्यावर’ असं आहे; भावाला दिलेले तिला दिले असं आपोआप धरत नाहीत. तिनेच सांगितलं होतं का, ‘माझं यूपीआय चालत नाहीये, दादाच्या नंबरवर टाका’? तो व्हॉट्सॲप मेसेज असेल तर हा महिना वाचला. नसेल तर तो महिना पुन्हा भरायच्या तयारीत राहा, आणि मेहुण्याकडून मागत बसायचं ते वेगळं.

रोख. स्पष्टच सांगते, पावती किंवा तिचा ‘मिळाले’ असा मेसेज नसेल तर रोख दिलेले विसरून जा. एटीएममधून वीस हजार काढल्याची नोंद म्हणजे तुम्ही वीस हजार काढले, इतकंच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम २ मध्ये पोटनियम २-अ आहे: नियम १ मध्ये सांगितलेल्या मार्गाने (न्यायालयात भरून, मनीऑर्डरने, बँकेतून वगैरे) दिलेली, किंवा कागदोपत्री सिद्ध होणारी, किंवा घेणाऱ्याने कबूल केलेली, यांपैकी एकातही न बसणारी रक्कम देणाऱ्याच्या सांगण्यावरून नोंदवून घेता येत नाही. शेजारी साक्षीदार आहे, वॉचमनने बघितलं, याला तिथे जागाच नाही.

शाळेची फी, क्लास, सायकल, वाढदिवसाचा टॅब. हुकूमनामा काढून बघा. फीचा खर्च वेगळा लिहिला असेल तर फी हे पोटगीव्यतिरिक्तचं देणं, ते इथे वळतं होणार नाही. काहीच लिहिलं नसेल तर मुलीच्या आठ हजारांपोटी धरा अशी विनंती करता येते, आणि ते न्यायाधीशांच्या विवेकावर आहे. पत्नीच्या बारा हजारांपोटी मात्र सहसा नाही. टॅब विसरा. बापाने मुलीला दिलेली भेट थकबाकीच्या तक्त्यात आली की तक्ताच हलका होतो.

तक्ता म्हणाले, तर तोच या सगळ्याचा कणा. एक कागद आडवा धरा. पोटगीचा महिना, देय रक्कम, दिलेली रक्कम, तारीख, मार्ग, व्यवहार क्रमांक, आणि स्टेटमेंटचं पान व ओळ. शेवटचा रकाना विसरू नका. न्यायाधीशांना साठ पानं चाळायला लावणारा वकील कितीही बरोबर असला तरी दुपारी साडेचारला तो कोणालाच आवडत नाही. आणि जिथे दिले नाहीत तिथे स्वच्छ ‘दिले नाहीत’ लिहा. तुमच्या सव्वीसपैकी समजा चार महिने खरंच बुडालेत. नोकरी गेली असेल, रागाने दिले नसतील, जे असेल ते. ते चार महिने तुमच्या हाताने लिहिलेले दिसले की उरलेल्या बावीसवर विश्वास बसतो. माझा हा अनुभव अगदी पक्का आहे, दोन्ही बाजूंनी घेतलेला. आणि ते ऐंशी हजार तारखेच्या आधी भरून टाका, तिच्या खात्यावर नाहीतर न्यायालयात. त्याची पुरसीस, म्हणजे न्यायालयाला लेखी कळवणारा कागद, द्या.

मध्येच एक तांत्रिक काटा आहे, तो समोरून येईलच. हुकूमनाम्याचे पैसे न्यायालयाबाहेर दिले तर ते नोंदवून घ्यायचा अर्ज मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२५ प्रमाणे ३० दिवसांत करायचा, आणि नोंद न झालेली रक्कम दरखास्त चालवणारं न्यायालय विचारात घेणार नाही, असं आदेश २१ नियम २ म्हणतो. दर महिन्याच्या पोटगीसाठी असा अर्ज कोण करतं? कोणीही नाही. बँकेमार्फत दिलेली रक्कम नियम १ च्याच मार्गांत बसते, शिवाय ती लेखी नोंदीने दिसते, तेव्हा मुदतीचं हे बंधन तिला कितपत लागतं यावर युक्तिवाद होतो. नवऱ्याकडून असले की मी हे ठासून सांगते; बायकोकडून असले की तीस दिवस मोजून दाखवते. धंदाच तसा आहे. प्रत्यक्षात बँकेची निर्विवाद नोंद समोर असताना तेच पैसे पुन्हा द्या, असं म्हणणारे न्यायाधीश मला क्वचितच भेटलेत.

हे सगळं तुमच्या हुकूमनाम्यापुरतं. वाचणाऱ्या इतरांचा आदेश दुसऱ्या कायद्याखालचा असेल तर चित्र बदलतं. जुन्या फौजदारी संहितेचं कलम १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४४, याखाली आदेश असेल तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. तिथे ‘माझ्याकडे पुरावा आहे, पुढच्या तारखेला आणतो’ हे वॉरंट निघाल्यावर म्हणण्यात अर्थ नसतो. उलट तिथे रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो, तेव्हा जुनी थकबाकी मागितली असेल तर तारखा आधी तपासा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली कलम २० मध्ये तर मालकालाच पगारातून परस्पर द्यायला सांगता येतं. तसा आदेश असेल तर कंपनीच्या पगारपत्रकाची प्रत हाच पुरावा. दोन कायद्यांखाली दोन पोटग्या चालू असतील तर एकीत दिलेले दुसरीत वळते करून मागता येतात, हेही रजनीश-नेहा निकालातच आहे. मात्र ते मागावं लागतं, पहिल्या आदेशाची प्रत जोडून.

आता पुढच्या महिन्यापासून काय करायचं. आदेश २१ नियम १ चा पोटनियम ३ आहे, तो १९७६ च्या दुरुस्तीतला. बँकेतून पैसे पाठवताना काय लिहायचं ते त्यात दिलंय: मूळ दाव्याचा क्रमांक, पक्षकारांची नावं, रक्कम कशापोटी, दरखास्त चालू असेल तर तिचा क्रमांक, पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता. यूपीआयच्या चिमुकल्या चौकटीत हे मावत नाही, ते लिहिणाऱ्यांनी मनीऑर्डरची कुपनं बघितली होती. तेव्हा एवढं करा. पोटगीसाठी वेगळं बचत खातं उघडा. त्यात पगारातून दर महिन्याला वीस हजार यावेत आणि वीस हजार जावेत, दुसरं काही नको. त्या खात्यावरून पाच तारखेची एनईएफटीची स्थायी सूचना लावा. रिमार्कमध्ये ‘पोटगी’, महिना, वर्ष आणि याचिकेचा क्रमांक, दर वेळी एकाच पद्धतीने. रिमार्क रोमन लिपीतच टाइप करा. मी मराठीची कितीही अभिमानी असले तरी एका पक्षकाराच्या स्टेटमेंटवर ‘पोटगी’च्या जागी पाच प्रश्नचिन्हं छापून आलेली बघितली आहेत. पहिला हप्ता गेला की दुसऱ्या दिवशी स्टेटमेंट काढून बघा, रिमार्क छापून येतो का. काही बँकांच्या यूपीआय नोंदीत तो येत नाही, फक्त आकडे येतात.

आणि त्याच दिवशी तिला एक कोरडा मेसेज किंवा ई-मेल: ‘मे महिन्याची पोटगी, तुमचे रु. १२,००० व मुलीचे रु. ८,०००, आज पाठवली. यूटीआर क्रमांक अमुक.’ खाली दुसरं काही नाही, टोमणा तर नाहीच. नियमात मागितलेला बाकीचा तपशील या मेसेजमध्ये मावतो. संपर्क करू नये असा आदेश तुमच्यावर असेल तर हा मेसेज वकिलामार्फत जाऊ दे. दोन रकमा वेगवेगळ्या पाठवल्यात तर आणखी बरं. मुलगी अठराची झाली की तिच्या आठ हजारांचा प्रश्न वेगळा निघेल, तेव्हा हिशोब आधीच सुटा असलेला बरा.

कधी पैसे परत आले, तिने खातं बंद केलं, नंबर बदलला, तर ते वीस हजार स्वतःकडे ठेवून ‘तीच घेत नाही’ म्हणू नका. न्यायालयात जमा करायचा अर्ज द्या, नाझरकडे (न्यायालयात पैसे जमा करून घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे) भरा, पावती घ्या आणि जमा केल्याची नोटीस तिला पाठवा. पैसे परत आल्याची बँकेची नोंद जपून ठेवा.

तुमच्या हातात तीन आठवडे आहेत म्हणालात. खातं ज्या शाखेचं आहे त्याच शाखेत अर्ज द्या, घराजवळच्या शाखेत दिला तर तो तिथेच पडून राहतो. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते, म्हणजे सुट्टी न घेता जायला तुम्हाला फार शनिवार नाहीत. आईला सोबत घेऊन जा, त्यांच्या खात्याच्या अर्जावर त्यांचीच सही लागेल. आणि जायच्या आदल्या रात्री मेहुण्याच्या नंबरवर पैसे टाका, असा तिचा तो मेसेज शोधा. फोन बदलताना बॅकअप घेतला होता का, ते आधी बघा.